भावजी, नॉझलसमोर बोट नको

भावजी, गेलात ते गेलात, जायच्या आधी मशीन तरी धुऊन ठेवायचं होतंत.

पाहुणे पांगले. मंजिरी पुण्याला परत गेली. जाताना बजावून गेली, "आई, काकाची खोली लगेच आवरायला घेऊ नकोस, रडत बसशील." म्हणून मी आठ दिवस वर फिरकलेच नाही. काल वारं सुटलं, तुमची खिडकी आपटायला लागली, तेव्हा गेले. रडायचं राहिलं बाजूला, दारातच मी कपाळाला हात लावला. गच्चीवर तुमचं रंग फवारायचं मशीन तसंच्या तसं उभं. एक नळी बादलीत बुडलेली, बादलीतल्या हिरव्या ऑइलपेंटवर चपलेच्या तळव्याएवढी जाड साय, लांब पाइप वेटोळं घालून पडलेला आणि त्याच्या टोकाची गन फरशीवर उताणी. प्लग अजून सॉकेटात. बटण बंद होतं, एवढी मेहरबानी.

"चहा घेतो आणि येतो," असं म्हणून तुम्ही खाली आला होतात. दुपारचे चार. कप हातात घेतलात, "वहिनी, आज आलं जास्त झालं," म्हणालात आणि मान टाकलीत. रिक्षात घालून नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. हार्ट, डॉक्टर म्हणाले. सहा वर्षं मी तुमच्या फुप्फुसांवरून भांडले, डोळ्यांवरून भांडले, बोटांवरून भांडले, आणि तुम्ही गेलात हार्टनं. माझा एक मुद्दा काही तुम्ही शेवटपर्यंत खरा होऊ दिला नाहीत.

तर ते मशीन. मी आधी प्लग काढला. गनच्या घोड्याला अडसर लावला. मग आतला दाब सोडायची मूठ फिरवायला गेले, तर ती वाळलेल्या रंगात अशी रुतलेली की माझ्या मनगटानं हलेना. म्हणजे पाइपात अजून दाब असणार. बटण बंद केलं म्हणजे मशीन रिकामं झालं असं नसतं, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं? मी हात काढून घेतला. तुमच्या कॉटशेजारी भिंतीवर तुम्ही पेन्सिलीनं नंबर लिहून ठेवायचात. त्यात "यादगिरी पेंटर" सापडला. फोन लावला.

"मैं अंबरपेठ से बोल रही. वसंत साब के घर से. उनका मशीन जाम हो गया, प्रेशर नहीं निकल रहा."

 तो म्हणाला, "अम्मा, हाथ नक्को लगाओ. मैं आतूं."

तो येईपर्यंत मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि तुमच्याशी भांडले. मोठ्यानं. समोरची बाई गॅलरीत आली, बघितलं आणि आत निघून गेली. तुम्ही गेल्यापासून मला सगळं बधिर वाटत होतं. काल पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट वाटलं, आणि तो राग होता.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नववीत होतात. त्याही वयात प्रश्न न वाचता उत्तर लिहायची तुमची सवय. पुढे सरकारी बांधकाम खात्यात तुम्ही तीस-पस्तीस वर्षं नकाशे काढलेत, लग्न केलं नाहीत, वरच्या खोलीत राहिलात आणि दोन्ही वेळा खाली जेवलात. तुमचे भाऊ गेले, मंजिरी सासरी गेली, आणि घरात आपण दोघंच उरलो. खाली मी, वर तुम्ही.

रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, योगासनं करतात. तुम्ही अफझलगंजच्या बाजारात गेलात आणि रिक्षातून हे धूड मांडीवर घेऊन आलात. "वहिनी, ब्रशनं दोन दिवस लागतात ते काम यानं दोन तासांत!" सोबत आलेली माहितीपुस्तिका तुम्ही रंगाच्या डब्याखाली घातलीत, फरशीला डाग पडू नये म्हणून. ती मी उचलली, पुसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलं, भावजी. सूचना न वाचता प्रयोगाला हात घालणारीला मी वर्गाबाहेर उभं केलंय. तुम्हाला कुठे उभं करणार?

पहिल्याच आठवड्यात तुम्ही भर वाऱ्यात गच्चीचं दार फवारलंत आणि शेजारच्या रेड्डींच्या पांढऱ्या गाडीवर निळी पुरळ उठली. "वारा आला, त्याला मी काय करू?" हे तुमचं उत्तर. वारा बघूनच फवारायचं असतं, आणि आसपासचं सगळं आधी झाकायचं असतं, हे माझं. दोन दिवस तुम्ही ती गाडी घासत बसला होतात. त्यातही तुमचं नशीब असं की रेड्डीबाईंनी तुम्हाला वर मुगाचे गरम डोसे, ते पेसरट्टू, खाऊ घातले आणि शेवटी स्वतःचं फाटकही रंगवून घेतलं. तुम्ही चूक करायची आणि लोकांनी तुम्हाला नाश्ता द्यायचा. माझ्या वाट्याला आयुष्यात असं कधी आलं नाही.

आणि तो थिनर. गॅसवर माझी खट्टी दाळ उकळतेय आणि तुम्ही शेजारच्या सिंकमध्ये थिनर ओतून गन धुताय! मला वास आला, मी धावत येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, तुम्हाला हाताला धरून बाहेर काढलं.

"खालीपिली परेशान होता तुम्ही, वहिनी. काही झालं का?"

"झालं असतं तर विचारायला कोण उरलं असतं?"

"दाळ कच्ची राहिली ना," म्हणालात. त्या दिवशी आपण दोघांनी दही-पोहे खाल्ले आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

मास्कचं तर मी बोलूच नये. चांगला, दोन्ही बाजूंना फिल्टर असलेला मास्क मंजिरीनं पाठवला होता. तो सहा वर्षं खुंटीवर राहिला. "दम कोंडतो." चष्मा लावायचा नाही, "धुरकट दिसतं." फवारून खाली आलात की तुमच्या मिशा त्या दिवसाच्या रंगाच्या. मी म्हणायची, जे मिशांवर बसलंय तेच आत गेलंय. तुम्ही म्हणायचात, "आतून पण नवा दिसेन."

पण हेही लिहायला हवं. तुम्ही फवारायला लागलात की मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर यायची. तुमचा हात डावीकडून उजवीकडे सरळ जायचा, पृष्ठभागापासून सगळीकडे सारखा लांब, कुठे घाई नाही, कुठे रेंगाळणं नाही, एका पट्ट्यावर दुसरा पट्टा निम्मा चढलेला. ओघळ म्हणून नाही. गंजलेली जुनी जाळी तासाभरात नव्यासारखी. नकाशे काढणाऱ्या माणसाचा हात होता तो. मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला मास्कचं नावही काढू दिलं नसतंत.

शाळेच्या बाकांचा दिवस आठवला की अजून माझे दात आवळले जातात. सुलतान बाजारातल्या माझ्या शाळेत मुली कमी झाल्या, बाकं मात्र तेवढीच होती, आणि त्यांचे लोखंडी पाय गंजून मुलींचे गणवेश फाटायला लागले होते. मुख्याध्यापिका माझीच जुनी विद्यार्थिनी. ती माझ्यापाशी रडगाणं गात होती आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "वहिनींची शाळा आहे. मी करतो." मे महिन्याच्या सुट्टीत रोज सकाळी मशीन घेऊन जायचात. मी सोबत यायची, तुमचा डबा आणि माझी पुस्तिका घेऊन.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला रंग फाटका यायला लागला. नॉझलमध्ये कचरा अडकला होता. अडकणारच, रंग गाळून घ्या म्हटलं तर तुम्हाला तेवढा धीर नव्हता. मी व्हरांड्यातून ओरडले, "आधी अडसर लावा! नॉझल उलटं फिरवा आणि जमिनीकडे मारा!" तुम्ही गन डाव्या हाताकडे वळवलीत आणि त्या हाताच्या तर्जनीनं नॉझलचं तोंड पुसलंत. घोड्याला धक्का लागला. टच् असा बारीक आवाज आला.

"काही नाही," तुम्ही म्हणालात. "मुंगी चावल्यासारखं झालं."

मी बोट बघितलं. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. रक्तही नाही. दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं तर हसलं असतं. पण मी दाबून विचारलं, "दुखतंय?" आणि तुम्ही म्हणालात, "नाही. उलट काही कळतच नाही तिथे." मी गन तुमच्या हातातून काढून घेतली. कारण पुस्तिकेत एवढी एकच गोष्ट चौकटीत, ठळक अक्षरांत होती. दाबाखालचा रंग कातडीतून आत शिरला तर बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही, पण तो आत पसरतो. ती साधी जखम नव्हे. ताबडतोब ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे जायचं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं ठिपका पुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, थोडी सूज येईल, घाबरायचं काम नाही. तुमचा चेहरा काय खुलला! "झालं ना वहिनी समाधान? चला, सहा बाकं राहिलीत."

मी पुस्तिका त्याच्या टेबलावर उघडून ठेवली. म्हटलं, वाचा. तो म्हणाला, अम्मा, कंपन्या असं भीती घालायला लिहितात. तुम्ही माझी बाही ओढायला लागलात. "दिमाग नका खाऊ त्याचा. लोक बघतायत."

"बघू देत," मी ओरडले. "तुम्ही रिक्षात बसता की मी इथे खाली बसकण मारू?"

तुम्ही बसलात. पण वाटभर तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. ही बाई मास्तरीण आहे, हिला बरोबर असायचंय, बस.

ते तसं नव्हतं, भावजी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. तुमचे भाऊ गेले त्या सकाळी त्यांनी छाती चोळली आणि म्हणाले, गॅस झालाय, शाळेला जा तू. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की. आणि मी गेले. मुलींना रक्ताभिसरण शिकवून घरी आले. त्या दिवसापासून घरातल्या पुरुषानं "काही नाही" म्हटलं की मला ते ऐकू येत नाही, त्यांचाच आवाज ऐकू येतो. रिक्षात तुम्ही गाल फुगवून बसला होतात, बोट सुजायला लागलं होतं, आणि मी मनात एकच घोकत होते, आज नाही ऐकणार. आज मी कुणाचं नाही ऐकणार.

मोठ्या हॉस्पिटलात हाताच्या सर्जन बाईंनी बोट बघितलं आणि हातातला पेन खाली ठेवला. कधी लागलं? पाण्याचा रंग की तेलाचा? थिनर होतं? मी पिशवीतून रंगाचा डबा काढून समोर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं केलंत आणलात ते. दोन तासांत ऑपरेशन." तेव्हा कुठे तुमच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या. बोट तळहातापर्यंत उघडावं लागलं, हिरवा रंग मुळापर्यंत पोचला होता, सगळा धुऊन काढलाय, म्हणाल्या. उद्यावर टाकलं असतंत तर बोट काढावंच लागलं असतं. मी हो म्हटलं आणि तिथेच बाकावर बसले. डबा माझ्या मांडीवर होता. कितीतरी वेळ मी तो धरून बसले होते.

आता मी काय अपेक्षा करावी? गळ्यात पडून रडा असं नाही. एखादं वाक्य. "वहिनी, तुमचं खरं होतं." घरी आलात, हात झोळीत, ताटावर बसलात, पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "दाळीत मीठ कमी आहे." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यादेखत सांगितलंत, "काही नाही, जरा खरचटलं." मी आतून चहा आणायची तो कपबशी आदळतच.

मग मी मशीन कपाटात कुलपात टाकलं. तुम्ही जेवायला येणं बंद केलंत. आठ दिवस एका हातानं वर खिचडी शिजवलीत. करपल्याचा वास जिन्यातून खाली यायचा. नवव्या दिवशी मी किल्ली पायरीवर ठेवली. संध्याकाळी ती नव्हती, आणि रात्री तुम्ही पाटावर हजर. मी वाढलं, तुम्ही जेवलात. त्यानंतर नॉझलसमोर बोट नेताना मी तुम्हाला पुन्हा बघितलं नाही. पण त्या बोटाबद्दल एक अक्षरही ऐकलं नाही. आणि मास्क खुंटीवरच.

काल साडेचारला यादगिरी आला. पन्नाशीचा, केसांत रंगाचे ठिपके. तुमच्या फोटोसमोर चप्पल काढून उभा राहिला, मग म्हणाला, "किदर है अम्मा?" वर गेल्यावर त्यानं पिशवीतून मास्क काढून बांधला, चष्मा लावला, हातमोजे घातले. प्लग निघालाय का ते स्वतः बघितलं. अडसर बघितला. मला म्हणाला, "आप दूर खड़े रहो, हवा की तरफ." मग पाइपच्या जोडावर जाड फडकं गुंडाळून, तोंड फिरवून, पान्यानं तो जोड अगदी हळूहळू सैल केला. फुस्स झालं. फडकं हिरवं झालं. तो थांबला, आणखी थोडा सैल केला. सगळा दाब निघाल्यावरच त्यानं नॉझलला हात लावला.

माझ्या पुस्तिकेतलं एकोणीस नंबरचं पान. जसंच्या तसं.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"साब ने, अम्मा. हम सबकू."

मग तो सांगत बसला. अफझलगंजला रंगाच्या दुकानांपुढे सकाळी पेंटर लोक कामाची वाट बघत उभे असतात. तुम्ही तिथे जायचात म्हणे. भाजी आणायला जातो असं मला सांगून. ज्याच्याकडे असं मशीन असेल त्याला धरायचात आणि डावा हात पुढे करून बोटावरची टाक्यांची शिवण दाखवायचात. "देखो रे, मेरी भाभी नहीं रहते तो ये उंगली नहीं रहती," असं सांगायचात. डॉक्टरशी भांडली म्हणून सांगायचात, डबा घेऊन आली म्हणून सांगायचात. "टीचर है, डाक्टर कू भी पढ़ाती." यादगिरीला सगळी गोष्ट पाठ होती. तुम्ही रिक्षात बसत नव्हतात म्हणून मी धमकावलं ते वाक्यसुद्धा.

अख्ख्या अफझलगंजाला सांगितलंत, भावजी! घरात दाळीचं मीठ.

त्याच्या गळ्यातल्या मास्ककडे बोट दाखवून मी विचारलं, हाही साबनीच सांगितला का? तर म्हणे सांगितला कसला, आणून दिला. सहा जणांना सहा. जो लावणार नाही त्याच्याशी तुम्ही बोलायचा नाहीत.

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. "और खुद? खुद लगाते थे क्या कभी?"

यादगिरी हसला. गन थिनरमध्ये बुडवत होता, हात थांबवला.

"नहीं अम्मा. हम पूछे थे साब कू. हमकू बोलते, आप कायकू नहीं लगाते? तो बोले, तुम लोगां कू बोलने वाला कौन है रे? मेरेकू बोलने वाली घर में है."

मी खाली आले आणि चहा टाकला. साखर ओट्यावर सांडली. यादगिरीनं सगळे भाग सोडवून धुतले, फडक्यावर ओळीनं मांडले, पंप चांगला आहे म्हणाला. मशीन त्यालाच देऊन टाकलं. तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. तो गेल्यावर मी जिन्याचा दिवा लावला आणि तशीच उभी राहिले.

मला वाटायचं, माझं बोलणं तुम्हाला ऐकूच येत नाही. सहा वर्षं मी घसा कोरडा करायची आणि रोज ठरवायची, उद्यापासून गप्प बसायचं, मरू दे. कितीदा तसं करून पाहिलं. एकदा तर चार दिवस खरंच गप्प बसले. पाचव्या दिवशी तुम्ही स्वतःहून खाली येऊन विचारलंत, "वहिनी, तब्येत बरी नाही का?"

तेव्हाच सांगायचं होतंत ना मला. सांगितलं असतंत, तर मी अजून खूप बोलले असते.